सरजाबाईचा खब्बू हिरो

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाइलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण असं, की या गोष्टीत ज्याची इज्जत जाते तो माझा मालक हाय, आन ज्याला कोणी काही विचारत नाही तो असिस्टंट म्हणजे मीच. शेवटी मालकालाच विचारलं. तो म्हणला, "लिही. पण 'मी मी' करू नको. असिस्टंटला 'मी' नसतो."

म्हणून इथून पुढं मी नाही. सत्यम हाय. पोरगं गरीब हाय, सांभाळून घ्या.

तर मालकाचं नाव शिवशंकर. लातूरला क्लासच्या गल्लीत त्याचं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, टी-शर्टावर छपाई. पण हे सगळं पोटापाण्याचं. खरी ओळख त्यानं स्वतःच लिहून, स्वतःच छापून काउंटरवर ठेवलेली होती. साध्या झेरॉक्सच्या कागदावर छापलेली कार्डं, कारण जाड कागद गिऱ्हाइकासाठी असतो:

"शिवशंकर. मराठवाड्यातील एकमेव चित्रपट-गुप्तहेर. आपण कथा सांगा, नाव मी सांगतो. तीक्ष्ण नजर. अफाट स्मरणशक्ती. बर्फासारखं डोकं. रविवारी बंद."

यातलं रविवारी बंद तेवढं खरं होतं. बर्फासारखं डोकं लाइट गेली की उकळायचं. आन अफाट स्मरणशक्तीचा चष्मा सत्यम दिवसातून चारदा शोधून द्यायचा. तीनदा तो कपाळावर असायचा, एकदा झेरॉक्स मशीनच्या झाकणाखाली. एकदा तर त्याची झेरॉक्सही निघाली होती. शिवशंकरनं ती 'पुरावा' म्हणून फाईलला लावली.

गुप्तहेरी चालायची व्हॉट्सॲपवर. ग्रुपचं नाव 'पिक्चर ओळख मंडळ, लातूर-नांदेड'. कोणाला तरी जुना पिक्चर अर्धामुर्धा आठवतो, नाव आठवत नाही. तो कथा टाकतो, बाकीचे नाव ओळखतात. नेटवर शोधायचं नाही. शोधताना सापडला त्याला आठ दिवस ग्रुपबाहेर. ॲडमिन शिवशंकर. आन नांदेडला एक माणिकप्पा होते, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते एका मिनिटात एका ओळीत उत्तर टाकायचे. शिवशंकर दोन तासांनी तीन पानं तर्क टाकायचा आन शेवटी माणिकप्पांचंच उत्तर लिहायचा, खाली "सिद्ध झाले" असं. कधीकधी दुसरंच लिहायचा. तेव्हाही खाली "सिद्ध झाले" असायचंच.

एका मंगळवारी दुपारी सत्यमला फोन आला. चाकूरहून सरजाबाई.

सरजाबाई म्हणजे विनोदची आई. विनोद हा सत्यमचा शाळेपासूनचा दोस्त, आता लातूरला दालमिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. दोघं चाकूरच्या शाळेत होते तेव्हा सत्यम मधल्या सुट्टीत विनोदच्या घरी जेवायचा आन सरजाबाई त्याच्या शर्टाची तुटलेली गुंडी अंगावरच लावून द्यायची, "हलू नको, टोचंल" म्हणत. आताही ती चाकूरला एकटी राहते, ब्लाउज शिवते, आन शिवता शिवता अख्ख्या गल्लीचा हालहवाल ठेवते.

"जय भीम, काकू."

"जय भीम. सत्या, तुझ्या त्या मालकाला पिक्चर वळखता येतेत म्हणं?"

"त्याला तसं वाटतं, काकू."

"मंग त्याला म्हणावं माझं एक काम हाय. रविवारच्या आत."

"रविवारी काय हाय?"

"टेम्पो हाय," सरजाबाई म्हणली.

झालं होतं असं. दोन दिवसांमागं विनोदच्या घरी लातूरला सगळे जमले होते. जुन्या पिक्चरचा विषय निघाला. सरजाबाईनं सांगितलं, लहानपणी हिमायतनगरला, म्हणजे तिच्या माहेरी, जत्रंत तंबूत एक पिक्चर पाहिलता. त्यातला हिरो खब्बू होता. चाबूक डाव्या हातानं मारायचा. जेवायचापण डाव्या हातानं. आन तोच नाही, लग्नाच्या पंगतीत सगळं गावच डाव्या हातानं जेवत होतं. यावर घरातले लोक इतके हसले, इतके हसले, की विनोदच्या मेव्हण्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

एकटा विनोद हसला नाही. तो आधीच घाबरलेला होता. आईनं दोनदा घराची किल्ली हरवली होती, एकदा चहात मीठ टाकलं होतं. त्यात आता हे. तो म्हणला, "आई, बास झालं. तू एकटी राहू नको आता. येत्या रविवारी टेम्पो आणतो, सामान लातूरला."

सरजाबाई म्हणली, "म्हंजी माझं डोकं गेलं?"

"तसं न्हाई आई."

"तसंच. मंग ऐक. मी पाहिलं ते पाहिलं. रविवारच्या आत पिक्चर सापडला तर मी हितंच राहणार. न्हाई सापडला तर मुकाट टेम्पोत बसते, मशीन घेऊन."

मशीन म्हणजे शिलाईची. सत्यमनं फोन ठेवला. चाकूरच्या त्या दारात सरजाबाई नाही, हे त्याच्या डोक्यात बसेनाच.

शिवशंकरनं सगळं ऐकलं, खुर्ची फिरवली, आन भिंतीकडं तोंड करून बोलला. मोठं काही बोलायचं असलं की तो भिंतीकडं बघायचा. "सत्यम, हे साधं प्रकरण नाही. कथा सगळ्या पिक्चरची सारखीच असते. दोन भाऊ, एक पाटील, एक लग्न. पण हात! हात हा सबूत असतो. खब्बू हिरो शोध, पिक्चर आपोआप सापडतो."

"आन पंगत? पंगतीतले सगळेच खब्बू कसे?"

"असिस्टंटनं तर्क करू नये. मोटारसायकल काढ."

बुधवारी दोघं चाकूरला गेले. शिवशंकरनं सरजाबाईचं बयान घ्यायला दोनशे पानी वही नेली होती. एक्केचाळीस प्रश्न विचारले. त्या दिवशी आभाळ होतं का? तंबूचा रंग कोणता? जत्रंत काय खाल्लं? इंटरव्हलला कोण रडत होतं? सरजाबाईनं शिवता शिवता एकेकाचं उत्तर दिलं.

"भजे खाल्ले. तेल जुनं होतं. माझी मावसबहीण रडत होती, पण पिक्चरला न्हाई, तिची चप्पल हरवलती."

"पिक्चरमध्ये मोटार होती?"

"जीप होती पाटलाची. पण स्टेरिंग तिकडच्या अंगाला होतं. आपल्याकडं असतं तसं न्हाई, दुसऱ्या बाजूला."

शिवशंकरचा पेन थांबला. "दुसऱ्या बाजूला?"

"आन बायांचा पदरबी दुसऱ्या खांद्यावर. मला तवाच नवल वाटलं. मी घरी येऊन तसाच पदर घेऊन बघितला, तर आईनं धपाटा घातला."

शिवशंकरनं वही मिटली. बाहेर आल्यावर म्हणला, "सत्यम, प्रकरण परदेशात गेलं."

संध्याकाळी त्यानं सरजाबाईनं सांगितलेली कथा, हिमायतनगरच्या जत्रेसकट, ग्रुपवर टाकली. दोन भाऊ, रागीट पाटील, धाकट्या भावजयीचा चुडा फोडतात, थोरला भाऊ चाबूक घेऊन वाड्यावर जातो, शेवटी लग्न आन पंगत. खाली ठळक अक्षरात: "हिरो डावखुरा. हाच कळीचा मुद्दा."

एका मिनिटात माणिकप्पा: "चुडा आणि चाबूक."

शिवशंकर नुसता हसला. मग त्यानं लिहिलं, "माणिकप्पा, क्षमा असावी. 'चुडा आणि चाबूक' मी चाळीस वेळा पाहिला आहे. माझ्या मोबाइलमध्ये आहे. त्यातला हिरो उजव्या हातानं चाबूक मारतो. उत्तर बाद."

माणिकप्पांनी अंगठा टाकला आन ते बहुतेक जेवायला गेले.

"असं होतं बघ," शिवशंकर सत्यमला म्हणला, "पाठांतर असतं, पण निरीक्षण नसतं."

गुरुवारी पहिला तर्क निघाला. शूटिंगच्या वेळी हिरोचा उजवा हात मोडला असणार, म्हणून सगळं डाव्यानं केलं.

"आन पंगतीतल्या सगळ्यांचे हात?" सत्यमनं विचारलं.

"मोठा अपघात असल."

दुपारी दुसरा तर्क. पिक्चरचा दिग्दर्शक खब्बू होता. तो सगळ्यांना 'असं करा' म्हणून करून दाखवायचा, लोक तसंच करायचे. हा तर्क शिवशंकरला लई आवडला. त्यानं तो फळ्यावर लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली, आन तेवढ्यात एक पोरगी 'इथं फॉर्म भरून मिळंल का' म्हणत आली तर तिलाही समजावून सांगितला. ती दुसऱ्या दुकानात गेली.

शुक्रवारी तिसरा. स्टेरिंग डावीकडं म्हणजे पिक्चर परदेशात काढलेला. पदर दुसऱ्या खांद्यावर म्हणजे तिकडची पद्धत. "दुबई!" शिवशंकर ओरडला.

सत्यमनं चाकूरला फोन लावला. "काकू, पिक्चरमध्ये वाळवंट होतं का?"

"वाळवंट? हुरड्याची ज्वारी होती, सत्या. इतकी चांगली ज्वारी होती की घरी येताना माझा बाप म्हणला, कुठल्या शिवारातली होती ती?"

सत्यमनं फोनवर हात ठेवला. "ज्वारी होती म्हणं."

शिवशंकरनं खुर्ची भिंतीकडं फिरवली. "दुबईत ज्वारी लावता येते. सेट लावला असल."

तेवढ्यात विनोद दुकानात आला, डाळीच्या कोंड्यानं पांढरा झालेला. काउंटरवर टेकला. फळ्यावरचे तर्क त्यानं वाचले, वरून खालपर्यंत.

"काय करायलाव तुम्ही?" शेवटी तो म्हणला. "ती म्हातारी बाई तिकडं वाट बघून राहिली. तुम्ही तिला दुबईला नेलं."

"तपास चालू आहे," शिवशंकर म्हणला.

"सत्या, तुला काय वाटतं? खरं सांग. असा पिक्चर असंल का?"

सत्यमला खोटं बोलता आलं नाही. तो म्हणला, "मला न्हाई माहीत, विनोद." आन विनोद मान हलवून गेला. तो टेम्पोवाल्याला फोन लावत लावतच गेला, ते सत्यमला ऐकू आलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच शिवशंकरनं फळा पुसला. स्वतःच्या हातानं. मग ग्रुपवर लिहिलं, "माणिकप्पा, मदत करावी." हे तीन शब्द टाइप करायला त्याला वीस मिनिटं लागली, सत्यमनं घड्याळात बघितलं होतं.

माणिकप्पा: "हिमायतनगरला ग्यानोबा हायत. त्या जत्रंत तंबूत मशीन तेच चालवायचे. त्यांला इचारा."

शनिवारी पहाटेच दोघं एसटीनं निघाले. गाडी चाकूरला थांबली. सत्यम म्हणला, "दोन मिनिटं उतरू. काकूला अजून काही आठवलं असंल तर विचारू."

"फिर्यादीला पुन्हापुन्हा भेटू नये," शिवशंकर म्हणला. "बयानाला वास येतो."

गाडी निघाली. पुढं नांदेडला बदलून, उभं राहून, एका माणसाच्या मांडीवरच्या कोंबड्याशी ओळख करून घेत दोघं दुपारी हिमायतनगरला उतरले.

ग्यानोबा घरापुढं बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज अजून असा की तंबूच्या शेवटच्या माणसाला ऐकू जावा. सगळी जिंदगी त्यांनी जत्रेजत्रेला मशीन फिरवलेली. शिवशंकरनं कार्ड दिलं. ग्यानोबांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, आन मांडीवर ठेवून दिलं.

मग शिवशंकरनं वही उघडून सगळं सांगितलं. हात, पंगत, पदर, स्टेरिंग. तिन्ही तर्क. मोठा अपघात, खब्बू दिग्दर्शक, दुबई. पाऊण तास बोलला. मधे चहा येऊन गेला. ग्यानोबा ऐकत होते, मधूनच सत्यमकडं बघत होते, जणू विचारत होते की हा माणूस तुझा कोण लागतो.

शेवटी ग्यानोबा म्हणले, "झालं?"

"झालं."

"बाई कुठं बसली होती?"

"म्हणजे?"

"म्हंजी कुठल्या अंगाला? पडद्याच्या पुढं का मागं?"

शिवशंकरनं वही चाळली. एक्केचाळीस उत्तरं. भजे होते, चप्पल होती, आभाळ होतं. हे नव्हतं.

"अरे बाबा," ग्यानोबा म्हणले, "तंबूच्या मधोमध पांढरं कापड लावायचो आम्ही. पुढच्या अंगाला गडीमाणसं, मागच्या अंगाला बायापोरी. कापड पातळ, मागूनबी चित्र तेवढंच साफ दिसायचं. फक्त उलटं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं."

त्यांनी मांडीवरचं कार्ड उचललं, उन्हासमोर धरलं आन पाठीकडून शिवशंकरच्या डोळ्यापुढं आणलं. पातळ कागदातून अक्षरं साफ दिसत होती. मराठवाड्यातील एकमेव चित्रपट-गुप्तहेर, शेवटापासून सुरुवातीपर्यंत, काने इकडं आन वेलांट्या तिकडं.

सत्यमनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर.

"काकू, जत्रंत पिक्चर बघताना तुम्ही कुठं बसला होता?"

"कुठं म्हंजी? बायांत. पडद्याच्या मागं. सगळ्या बाया तिथंच बसायच्या."

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"मला काय ठाव ते सांगायचं असतं? त्या माणसानं एक्केचाळीस प्रश्न इचारले. त्यात हे होतं का?"

"पण पाट्या, नाव, अक्षरं उलटी दिसली असतील की!"

"तवा मला वाचता कुठं येत होतं रे? मला समदीच अक्षरं सारखी."

बाजेवर ग्यानोबा इतके हसले की आतून कोणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं. शिवशंकर हसला नाही. तो हळू आवाजात, भिंत जवळ नसल्यामुळं झाडाकडं बघून म्हणला, "चुडा आणि चाबूक."

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. शिवशंकरच्या दुकानात टी-शर्टावर छापायचं असलं की आधी कागदावर चित्र उलटं काढावं लागतं, तरच शर्टावर सुलटं उमटतं. हे काम तो सात वर्षं रोज करत होता. गेल्या जूनला एकदा उलटं करायचं विसरला आन एका क्लासची साठ पोरं आपल्या सरांचं नाव उलटं घालून फिरली. अशा माणसाला तीन दिवसांत दुबई सुचली, पण हे नाही सुचलं. सत्यमलाही नाही सुचलं, पण असिस्टंटनं तर्क करायचा नसतो.

रविवारी सकाळी दोघं चाकूरला पोचले तेव्हा दारात टेम्पो उभा होता. त्यात गादी, दोन पितळी हंडे आन कपड्यांची एक पेटी चढलेली. शिलाई मशीन उंबऱ्यात होतं, आन सरजाबाई त्याच्यावर हात ठेवून उभी होती. विनोद तिच्याकडं पाठ करून दोरी आवळत होता.

"थांबवा!" शिवशंकर ओरडला. हे वाक्य म्हणायला मिळावं अशी त्याची लई वर्षांची इच्छा होती.

त्यानं मोबाइल काढला, 'चुडा आणि चाबूक' लावला, आन मोबाइल घरातल्या कपाटाच्या आरशासमोर धरला. "मोबाइलकडं बघू नका. आरशात बघा."

सगळे आरशापुढं जमले. विनोद, सरजाबाई, सत्यम, आन टेम्पोवाला, त्याला कोणी बोलवलं नव्हतं पण तो सगळ्यात पुढं होता. आरशात थोरला भाऊ वाड्याच्या पायऱ्या चढला. त्यानं चाबूक उचलला. डाव्या हातानं.

"हाच!" सरजाबाई म्हणली. "हाच की! बघ, बघ, जीप बघ त्याची! आन आता ती पंगत येईल, बघत ऱ्हा."

पंगत आली. सगळं गाव डाव्या हातानं जेवत होतं. टेम्पोवाला म्हणला, "आयला, खरंच की."

मग शिवशंकरनं सगळं समजावून सांगितलं, तंबू, कापड, पुढचं अंग, मागचं अंग, जणू ते त्यालाच सुचलं होतं. सरजाबाई ऐकत होती. मधेच तिचा चेहरा बदलला.

"थांबा. म्हंजी तो टीव्हीवर लागतो तो हाच?"

"तुम्ही टीव्हीवर बघितलाय?" सत्यम म्हणला.

"धा वेळा! मला वाटायचं आमच्या पिक्चरची नक्कल हाय. समदं तसंच, पण हिरो उजवा. मी म्हणायची, मेल्यांनी नक्कल केली आन खब्बूच इसरले."

आता मात्र विनोद हसला. आधी नाकातून, मग दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून. सरजाबाईपण हसली. शिवशंकर हसला, कारण त्याला वाटलं त्याचं कौतुक चाललंय.

"मंग किल्ली?" विनोद डोळे पुसत म्हणला. "किल्ली दोनदा हरवलीस की न्हाई?"

"एकदा मी. एकदा तू खिशात घालून लातूरला गेलास. पँट धुताना सूनबाईला घावली. इचार तिला."

विनोदनं विचारलं नाही. त्यानं दोरी सोडली. हंडे उतरवले, गादी उतरवली. टेम्पोवाला भाड्याचं काय म्हणायला तोंड उघडतच होता, तर सरजाबाईनं त्याच्या हातात भाकरी आन ठेच्याचं ताट दिलं. तो उजव्या हातानं जेवायला लागला. सरजाबाईनं ते मुद्दाम सगळ्यांना दाखवलं.

शिवशंकरनं अंगणात बसून केसचं रजिस्टर लिहिलं. सत्यमनं खांद्यावरून वाचलं: "प्रकरण: खब्बू हिरो. उकल: शिवशंकर. सहाय्य: ग्यानोबा, माणिकप्पा, ऊन." सत्यमचं नाव नव्हतं. सत्यमनंच ते रजिस्टर लॅमिनेट करायचं होतं.

जेवणं झाल्यावर विनोद आन सत्यम बाहेर टेम्पोच्या फाळक्यावर बसले. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"चहात मीठ तिनंच टाकलतं," विनोद म्हणला. "ते काही मी न्हाई टाकलं."

"हाव."

"आज ती बरोबर निघाली. लई बरं वाटलं मला. पण उद्या निघाली न्हाई तर? मी लातूरला काट्यावर, ती हितं एकटी. तू महिन्यातून दोनदा येतोस हिकडं, तुझ्या ताटात ती वाढते. तुला आधी कळंल, सत्या. मला नंतर." त्यानं दोरी बोटाला गुंडाळली. "तू तिचाच हायस, मला ठाव हाय. म्हणून तू लपवशील असं वाटतं मला."

सत्यमनं उंबऱ्याकडं बघितलं. तिथून सरजाबाईची पाठ दिसत होती, वाकलेली, सुई ओवणारी. पहिल्या फटक्यात दोरा गेला नाही. दुसऱ्यात गेला.

"न्हाई लपवणार," सत्यम म्हणला. "शप्पथ. खरंच तसं काही दिसलं तर त्याच दिवशी तुला फोन करीन, पहिला तुलाच. पण त्याच्या आधी तिला नीट इचारीन."